डाग कुणी धुतले? कपाशीच्या मुलखातल्या धुण्याचा इतिहास

 

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी आम्हाला विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत हे डाग काढायचं काय आणलंत? प्रश्न रास्त आहे. लढाया, तह, सनावळ्या यांत धुणं बसत नाही. पण कापसाचा इतिहास सांगताना आपण बोंडापासून गाठीपर्यंत, गाठीपासून गिरणीपर्यंत, गिरणीपासून दुकानापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. कापड अंगावर चढल्यानंतर त्याचं आयुष्य सुरू होतं, आणि त्या आयुष्यातला निम्मा काळ ते धुतलं जात असतं. कोण धुतं, कशानं धुतं, कुणाचा डाग कुणाच्या हाताला लागतो, हे कुणी लिहून ठेवत नाही. आज त्याबद्दल बोलू.

सुरुवात आमच्याच सदऱ्यावरच्या डागापासून करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीला गेलो होतो. जुने जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने पाहायचे होते. दुपारी जेवताना वांग्याच्या भाजीचा रस्सा खादीच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. आम्ही घाईघाईनं न्हाणीत जाऊन साबण चोळला, आणि पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला. आता सदरा गेलाच, असं वाटलं. शेजारच्या घरातल्या एक आजी ओट्यावर बसून बघत होत्या. त्यांच्या सासरी-माहेरी दोन्हीकडे धुण्याचाच धंदा. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “हळद साबनाले नाही भेत बाप्पा, उन्हाले भेते.” सदरा नीट खळबळून, ओलाच, डाग वर करून उन्हात टाकायला लावला. विदर्भातलं मार्चचं ऊन. संध्याकाळपर्यंत डाग फिकट झाला, दुसऱ्या दिवशी शोधावा लागला.

आजींचं वाक्य रसायनशास्त्राच्या वर्गात सांगावं इतकं अचूक आहे. हळदीतलं कुर्कुमिन हे रंगद्रव्य खारट, म्हणजे अल्कधर्मी पदार्थ लागला की तांबडं होतं, आणि लिंबासारखं आम्ल लागलं की परत पिवळं. डाग वाढलेला नसतो, त्यानं फक्त रंग बदललेला असतो. कुंकू तयार करताना हळदीला चुना किंवा टाकणखार देतात तो याचसाठी. आणि हे कुर्कुमिन प्रकाशात टिकत नाही, तुटतं. म्हणजे साबणानं तेल काढायचं आणि रंग उन्हाला द्यायचा. या आजी शाळेत गेल्या नव्हत्या. हे ज्ञान त्यांच्याकडे कुठून आलं, हा आजच्या व्याख्यानाचा खरा प्रश्न.

आधी कापडाकडे बघू. खादी, जाडाभरडा मांजरपाट, चौकड्यांचा खरबरीत पंचा, सतरंजी, गोधडी, टॉवेल, या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. त्यांचा पोत सपाट नाही. हातानं कातलेलं सूत कुठे जाड, कुठे बारीक, कुठे गाठ, कुठे पीळ सैल. कापसाचा तंतू वाळला की पोकळ नळी चपटी होऊन पीळ घेतलेल्या फितीसारखी दिसते. तो जवळजवळ निव्वळ सेल्युलोज असतो आणि पाणी ओढून घेतो. पाण्याबरोबर जे येईल तेही ओढतो. सपाट, घट्ट विणीच्या गिरणीच्या कापडावर डाग बराचसा वर बसतो. खरबरीत सुती कापडात तो खळग्यांत उतरतो, सुताच्या पिळात शिरतो. मग आपण जोरानं घासतो. घासल्यानं डाग निघत नाही, सुताचे तंतू उभे राहतात, त्या जागी कापड लवदार होतं आणि नवा मळ आधी तिथेच धरतो. खादी घासायची नसते, तिला भिजू द्यायचं असतं. हे साधं तत्त्व कळायला आम्हाला दोन सदरे घालवावे लागले.

वऱ्हाडच्या कापडाचा पोत असा का, यालाही कारण आहे. इथला मूळचा देशी कापूस आखूड धाग्याचा आणि काटक. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. ते अमरावतीच्या जुन्या नावाचं, उमरावतीचं, व्यापाऱ्यांनी केलेलं लघुरूप. आखूड धाग्यातून बारीक सूत निघत नाही. म्हणून इथल्या शेतकऱ्याच्या अंगावरचं धोतर आणि बाईचं लुगडं जाडच असायचं. जाड सुताला मळ जास्त धरतो, पण मारही जास्त सोसतो. धुण्याची सगळी पद्धत याच दोन गोष्टींवर उभी राहिली.

दुसरी गोष्ट खाराची. कापसाचा स्वभाव लोकरीच्या उलट आहे. लोकर खारानं गळते, आम्लाला दाद देत नाही. कापूस आम्लानं कमजोर होतो, पण खार पचवतो. त्यामुळे सुती कपडे घालणाऱ्या मुलखात धुण्याचं मुख्य साधन राख हेच असणार. घाटंजीच्या आसपास सागवान, पळस, मोह, धावडा यांचं जंगल. चुलीची राख मडक्यात घालून वरून पाणी ओतायचं, रात्रभर निवळू द्यायचं, वरचं पिवळसर, बोटाला बुळबुळीत लागणारं पाणी काढून घ्यायचं. त्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं. आघाड्याची राख यासाठी विशेष चांगली मानत.

आणि वऱ्हाडात खाराचं एक फार मोठं कोठार होतं. लोणार. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर आज आपण उल्कापातामुळे ओळखतो, शाळेच्या सहली नेतो. पण शेकडो वर्षं लोकांनी त्याला ओळखलं ते त्याच्या खारासाठी. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख आहे, आणि तिथे काच व साबण यांना लागणारी सामग्री मिळते असं तो नोंदवतो. अकबराच्या दरबारातल्या माणसाला वऱ्हाडातल्या साबणाच्या खाराची दखल घ्यावीशी वाटली, हे लक्षात ठेवा. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठावर खार जमे. त्याच्या प्रतींना डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी वेगवेगळी नावं होती. रंगाऱ्याला, काचेच्या बांगड्या करणाऱ्याला, परटाला तो लागे. रासायनिक दृष्टीनं यातला मुख्य भाग म्हणजे आज किराणा दुकानात मिळणाऱ्या धुण्याच्या सोड्याचा सख्खा भाऊ. हाच सोडा युरोपात कारखान्यात मोठ्या प्रमाणावर करता यावा म्हणून 1791 मध्ये लब्लांकनं आणि 1861 मध्ये सॉल्व्हेनं पद्धती शोधल्या, आणि आपल्याकडे टाटांचा मिठापूरचा कारखाना 1939 मध्ये उभा राहिला. तोवर लोणारसारख्या जागा आणि चुलीची राख हेच आपले कारखाने होते.

या खाराचा सगळ्यात कसबी उपयोग करणारा माणूस म्हणजे परीट. विदर्भात त्याला वरठी म्हणतात. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ काढला, त्यात धोबी या नोंदीखाली वरठी, बरेठा, परीट अशी नावं दिलेली आहेत. वरठ्याची भट्टी ही काय चीज होती, ते आज बघितलेली माणसं थोडी उरली आहेत. कपडे आधी खाराच्या पाण्यात बुडवायचे, पिळून त्यांचे पिळे करायचे. मोठ्या भांड्यात पाणी, खाली जाळ, आणि भांड्याच्या तोंडावर हे पिळे गोल रचत न्यायचे, ढीग उंच होईपर्यंत. वाफ खालून वर, प्रत्येक पिळ्यातून जायची. हे बहुधा रात्रभर चाले. पहाटे ढीग उतरवून नदीवर न्यायचा, दगडावर आपटायचा, वाहत्या पाण्यात खळबळायचा, उन्हात वाळू-गवतावर पसरायचा.

आता यात काय घडत होतं बघा. अंगाचा घाम आणि तेल, खाण्याचं तेल, यांतली तेलकट आम्लं गरम खाराशी संयोग पावली की त्यांचा साबण होतो. म्हणजे परीट कपड्याला बाहेरून साबण लावत नव्हता, डागाचाच साबण करत होता, आणि तो सुताच्या पिळात, बरोबर जिथे डाग आहे तिथे तयार होत होता. घासण्याचा प्रश्नच नाही. खरबरीत सुती कापडासाठी याहून शहाणपणाची पद्धत आम्हाला माहीत नाही. गवतावर ओलं कापड उन्हात पसरून पांढरं करण्याची रीत युरोपातही होती आणि तिला महिने लागत. 1799 मध्ये चार्ल्स टेनंटनं ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं तेव्हा तिथल्या गिरण्यांना ही शेतं नकोशी झाली. पावडरनं कापड तासांत पांढरं होतं, पण मात्रा जरा चुकली की सूत कुजल्यासारखं होतं. आमच्या दोन सदऱ्यांपैकी दुसरा यानंच गेला. डाग गेला आणि पुढच्या धुण्यात डागाच्या जागी भोक पडलं. (हशा) हसा, पण घरी करू नका.

भट्टीला न जुमानणारा एक डाग होता, आणि तो परीट स्वतःच लावायचा. बिब्ब्याचा. पन्नास घरांचे सारखे दिसणारे पांढरे कपडे एकाच भट्टीत जाणार. ओळखायचे कसे? तर बिब्बा टोचून त्याचं तेल सुईनं किंवा काडीनं कपड्याच्या कोपऱ्याला लावायचं, कधी जोडीला चुना. कुणाच्या घराला दोन ठिपके, कुणाला ठिपका आणि रेघ. बिब्ब्याचं तेल हवेत काळं पडतं आणि मग खार, साबण, वाफ कशालाच हलत नाही. इंग्रजांनी या झाडाला ‘मार्किंग नट’ म्हणजे खुणेचं फळ हेच नाव दिलं. यवतमाळच्या जंगलात हे झाड भरपूर. अक्षर न येणाऱ्या माणसांनी चालवलेली ही नोंदवही होती, कापडावरच लिहिलेली. बिब्बा उततो हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, पण दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांना ते माहीत नव्हतं. त्यांच्या मानेला, कमरेला खाजरे चट्टे उठू लागले आणि लष्करी डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा कारण निघालं धोब्याची खूण. वैद्यकाच्या पुस्तकांत त्या विकाराला धोब्याच्याच नावानं जागा मिळाली. हे फळ रोज हाताळणाऱ्या धोब्याच्या हातांचं काय होत असेल, याबद्दल मात्र त्या पुस्तकांत फारसं काही नाही.

इथे आम्हाला जरा थांबायचं आहे. परीट बलुतेदार होता. त्याला मोबदला मिळायचा तो सुगीला धान्याच्या रूपात, आणि सणावाराला वर काही. काम काय होतं? रोजचं मळकं धुणं बरेचसे लोक घरीच धूत. परटाकडे जायचं ते जड धुणं, आणि ज्याला विटाळ मानलं गेलं ते धुणं. बाळंतिणीच्या खोलीतलं, सुतकातलं. रक्ताचा डाग काढायची रीतही याच हातांना पक्की माहीत. थंड पाणी, चिमूटभर मीठ, आणि गरम पाणी अजिबात नाही, कारण रक्तातलं प्रथिन उष्णतेनं शिजून सुतात बसतं. म्हणजे हे कपडे भट्टीआधी वेगळे काढून थंड पाण्यात टाकायचे. हे काम बहुधा परटिणीचं. घरादाराचा विटाळ ती धूत होती, आणि धुतल्याबद्दल तिलाच कमी लेखलं जात होतं. आपल्या भाषेत ‘परीटघडीचे कपडे’ हा शब्द रुबाबासाठी आहे. घडी मानाची आणि परीट पायरीखाली. उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये धोबी अनुसूचित जातींच्या यादीत आहेत, महाराष्ट्रात परीट इतर मागासवर्गात. काम तेच, दगडही तोच.

याच समाजातून एक माणूस उभा राहिला. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मला, परटाच्या घरात. पुढे तो गाडगेबाबा झाला. हातात खराटा, डोक्यावर गाडगं आणि अंगावर चिंध्या जोडून केलेलं वस्त्र. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याची परीटघडी सांभाळणाऱ्या घरातला माणूस चिंध्या पांघरून गावोगाव फिरला आणि दुसऱ्यांचं गाव झाडू लागला. किती लोकांनी तेव्हा यातला टोमणा ओळखला असेल, कोण जाणे. आम्हाला तरी तो ऐकू येतो.

कापसाकडे परत येऊ. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी युद्ध, तिथला कापूस बंद, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव. तेव्हा आजचा यवतमाळ जिल्हा ‘वणी जिल्हा’ होता, 1905 मध्ये त्याचं नाव यवतमाळ झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ-मूर्तिजापूर ही छोटी रेल्वे, आपली शकुंतला, टाकली गेली तीही मुख्यतः कापूस वाहायला. घाटंजीसारख्या गावांत सरकीचे ढीग आणि रुईच्या गाठी दिसू लागल्या. कापूस गाठी होऊन गेला आणि कापड होऊन परत आला, गिरणीचं, सपाट, बारीक, स्वस्त. नागपूरची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 पासून होतीच. हातसूत मागे पडलं. आणि एक बदल कुणी फारसा नोंदवत नाही. बारीक गिरणीचं कापड भट्टी आणि दगड यांचा मार जाड्याभरड्याइतका सोसत नव्हतं. ‘परीट कपडे फाडतो’ ही तक्रार सुरू झाली. चूक परटाच्या हाताची नव्हती, पद्धत ज्या कापडासाठी घडली ते कापडच बदललं होतं.

त्यात साबणाची वडी आली. 1888 मध्ये लिव्हर बंधूंचा सनलाइट कलकत्त्याच्या बंदरात उतरला. मग स्वदेशीच्या लाटेत अर्देशीर गोदरेजांनी चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण काढला, पहिलं महायुद्ध संपता संपता. वडी सोयीची होती, पण आमच्या दख्खनच्या पठारावर तिचं एका गोष्टीशी जमलं नाही, इथल्या पाण्याशी. काळ्या पाषाणातल्या विहिरींचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पाण्यातल्या कॅल्शियमशी साबण मिळून चिकट साय होते, ती खरबरीत कापडाच्या खळग्यांत बसते, आणि पांढरी खादी चार महिन्यांत करड्या रंगाची होते. तिला लोक मळ समजतात आणि आणखी साबण लावतात. उपाय साबणाच्या आधीच करायचा असतो. पाण्यात थोडा धुण्याचा सोडा, किंवा जुन्या रीतीनं राखेचं पाणी, म्हणजे कॅल्शियम आधीच तळाशी बसतं. किंवा रिठा. रिठ्याचा फेस जड पाण्यात साय धरत नाही. आपल्या आज्या रेशमी आणि रंगीत कपडे रिठ्यात धूत, त्याला नुसती परंपरा म्हणून सोडून देऊ नये.

आता गांधीजी. आफ्रिकेत बॅरिस्टरी करताना धोब्याचा खर्च परवडेना, म्हणून त्यांनी धुण्यावरचं पुस्तक विकत आणलं आणि स्वतः कॉलर धुवून, खळ देऊन, इस्त्री करून कोर्टात गेले. खळ जास्त झाली होती, ती कॉलरीवरून गळू लागली आणि बाकीचे वकील हसले. आत्मकथेत त्यांनी हे सगळं लिहिलं आहे. पुढे 1912 मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले, त्यांच्याजवळ न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेलं उपरणं होतं. ते चुरगळलं होतं आणि समारंभाला घालायचं होतं. गांधींनी इस्त्री करतो म्हटलं, तर गोखले म्हणाले, वकिलीवर विश्वास आहे, धोबीपणावर नाही. शेवटी इस्त्री झाली आणि गोखल्यांनी पसंतही केली. हा प्रसंग आपण गमतीनं सांगतो, पण रानडे, गोखले, गांधी या तीन नावांमधून एक कापड फिरतं आणि त्यातला तिसरा माणूस परटाचं काम स्वतः शिकतो, ही लहान गोष्ट नव्हे. 1936 मध्ये ते यवतमाळच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला राहायला आले. आश्रमात आपले कपडे आपण धुवायचे. वऱ्हाड-वर्ध्याच्या वकील-मास्तरांनी खादी घेतली आणि पहिल्यांदाच अनेक पुरुषांचे हात स्वतःच्या डागाला लागले. सगळ्यांच्या घरी हे टिकलं असं आम्ही म्हणणार नाही. पुष्कळ घरांत खादी पुरुषाची आणि धुणं बायकोचं, असंच चाललं. जड खादीचं ओलं धोतर पिळणं काय असतं, ते त्या बायकांना विचारायला हवं होतं.

या बायकांच्या हातात इतर डागांचीही जुनी विद्या होती. काळ्या मातीचा चिखल ओला असताना चोळायचा नाही. ही माती इतकी बारीक आणि फुगणारी, की ओली चोळली की सुतात भरलीच. वाळू द्यायची, झटकायची, मग भिजवायचं. जवसाच्या तेलाचा डाग त्याच दिवशी काढायचा. विदर्भात पूर्वी जवसाचं तेल पुष्कळ खात, आणि हे तेल हवेत सुकून कातडीसारखा पापुद्रा धरतं, म्हणून तर रंगारी ते रंगात वापरतात. ताजं असताना बेसन दाबून तेल ओढून घ्यायचं, मग रिठा किंवा शिकेकाई. आठ दिवसांनी मात्र तो डाग राहिला नाही, तो रंग झाला. लोखंडाच्या गंजाला लिंबू-मीठ आणि ऊन, पण नंतर भरपूर पाण्यानं धुवायचं, कारण आम्ल कापसाला खातं. चहाच्या डागाला लोखंड लागू द्यायचं नाही, दोन्ही मिळून शाईसारखं काळं होतं. केळीच्या चिकाचा डाग? त्याच्यापुढे सगळ्यांनीच हात टेकले. जुनं लुगडं नेसून केळीत जायचं, एवढंच.

1959 मध्ये सर्फ आला, 1969 मध्ये अहमदाबादहून निरमा. जड पाण्याचा प्रश्न या पावडरींनी बराच सोडवला, आणि स्वस्तही. भट्ट्या विझल्या. वरठ्यांची मुलं इस्त्रीच्या टपऱ्यांवर, नोकऱ्यांत गेली. ते चांगलंच झालं, त्याबद्दल गळा काढायचं कारण नाही. बलुत्याच्या जुलमासकट विद्या परत मागणारे लोक असतात, आम्ही त्यांतले नाही. पण कुठला डाग कशाला भितो हे ज्यांना माहीत होतं, त्यांना कुणी विचारलं नाही. पाकिटावर मात्र सगळ्या डागांना एकच उपाय छापलेला असतो.

याचा परिणाम आपल्याला फार कठोरपणे दिसला तो 2017 मध्ये. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. किमान 20 शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले, कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. कपाशी उंच वाढलेली, फवारा डोक्याच्या पातळीवर, आणि अंगात रोजचाच सुती सदरा, खाली पँट नाहीतर लुंगी. चौकशी झाली, बातम्या आल्या, हातमोजे-चष्म्यांचे संच वाटले गेले. ते सगळं फवारणाऱ्या पुरुषाबद्दल. तो संध्याकाळी घरी येतो, सदरा काढतो आणि कोपऱ्यात टाकतो. मग तो कोण उचलतं?

आम्ही सुरुवातीला सांगितलं, की सुती कापड पाण्याबरोबर येईल ते ओढून घेतं, आणि खरबरीत असेल तर जास्त धरतं. कीटकनाशकाचा डाग बहुतेक वेळा दिसत नाही. दिसत नाही म्हणून तो सदरा पोराच्या शाळेच्या गणवेशाबरोबर एकाच बादलीत भिजतो, आणि उघड्या हातांनी घासला जातो. आमच्या आजींच्या पिढीत विटाळाचं म्हणून जे धुणं वेगळं काढलं जाई, त्यात विटाळ काहीच नव्हता. ज्याला आज खरोखर वेगळं काढायला हवं, ते मात्र सगळ्यात मिसळलं जातं.

घाटंजीला नंतर एकदा गेलो तेव्हा बायकांच्या बैठकीत आम्ही हेच बोललो. ते इथेही सांगतो. फवारणीचे कपडे त्याच दिवशी धुवायचे, साठवायचे नाहीत. बादली वेगळी, तीही स्वयंपाकाच्या किंवा अंघोळीच्या कामाची नको. रबरी हातमोजे घालायचे. आधी नुसत्या पाण्यात बुडवून ते पाणी विहीर, नदी, गुरांची टाकी यांपासून दूर ओतायचं. मग गरम पाणी आणि भरपूर पावडर, आणि हे दोनदा. घासण्यापेक्षा भिजवणं. कडक उन्हात वाळवायचं, घरात नाही. डब्यातलं पाणी न मिसळलेलं औषध थेट कपड्यावर सांडलं असेल, तर तो कपडा धुवायचाच नाही, टाकून द्यायचा. गरिबाच्या घरात हे शेवटचं सांगणं सोपं नाही, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून फवारणीसाठी एक जुना जोड ठरवून ठेवावा, लांब बाह्यांचा.

आणि एक गोष्ट, जी ऐकून त्या बैठकीत मागे बसलेल्या आजी पुढे सरकल्या. अमेरिकेत शेतमजुरांच्या कपड्यांवर प्रयोग झाले आहेत. सुती कपड्याला खळ दिलेली असेल तर कीटकनाशक बरंचसं खळीत अडकतं आणि धुताना खळीबरोबर निघून जातं, सुतात कमी उतरतं. प्रत्येक धुण्यानंतर खळ नव्यानं द्यावी लागते, आणि खळीनं अंगाला संरक्षण मिळतं असं समजू नये, हातमोजे आणि तोंडाला फडकं लागतंच. पण तांदळाची पेज घरात असते. आजींनी विचारलं, “पातळ का घट?” आम्ही म्हटलं, तुम्हीच सांगा. मग त्यांनी तिथल्या चार सुनांना पेज किती पातळ ठेवायची, सदरा उलटा करून कसा बुडवायचा, जाड कापडाला पिळायचं किती, हे हात करून दाखवलं. आम्ही ते लिहून घेतलं आहे.

इतकंच. आता प्रश्न घेऊ या. पडद्यावरून ऐकणाऱ्यांनी आपले प्रश्न लिहून पाठवावेत, आणि शक्य असेल तर घरात धुणं कोण करतं, तेही त्यात लिहावं.